उन्हावर चालणारी मोटार

मुलांनो, पेट्रोलचा एक थेंबही न वापरता एक गृहस्थ मोटारीने बंगळूरुहून दिल्लीला गेले, हे तुम्हांला खरे वाटेल का? पण ही खरी गोष्ट आहे.

सय्यद सज्जन अहमद हे कर्नाटकातील कोलारचे. त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. पोटासाठी त्यांनी फळे विकली. पुढे ते ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करू लागले. याच हातांनी त्यांनी विजेवर चालणारी मोटार तयार केली.

२०१५ साली दिल्लीच्या आय. आय. टी.मध्ये विज्ञान महोत्सव भरला. तेथे ती मोटार न्यायची असे त्यांनी ठरवले. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षे होते. सुमारे ३००० किलोमीटरचा प्रवास त्यांनी महिनाभरात पूर्ण केला.

मोटारीवर १०० वॅटच्या ५ सौरपट्ट्या होत्या. कडक उन्हात अशा पट्ट्या तासाला फार तर अर्धा युनिट वीज देतात. ती वीज ६ बॅटऱ्यांत साठत असे. त्या पूर्ण भरण्यास सुमारे ७ युनिट वीज लागते. एका दिवसाचे ऊन त्याला पुरत नाही. म्हणून अशा प्रवासात धीर धरावा लागतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी, पण ऊन भरपूर. कौडगाव येथे याच उन्हापासून वीज तयार होते. पेट्रोल विकत आणावे लागते. ऊन आपल्या अंगणात येते. ते कामाला लावणारे हात मात्र हवेत. ते हात तुमचेही असू शकतात.

शब्दार्थ : अर्धवट – अपुरे, महोत्सव – मोठा उत्सव, धीर धरणे – घाई न करणे.

प्रश्न :
१. सज्जन अहमद पोटासाठी कोणकोणती कामे करीत?
२. बॅटऱ्या भरण्यास एक दिवस का पुरत नाही?
३. तुमच्या गावात उन्हाचा उपयोग कोठे होतो? पाच वाक्ये लिहा.