रंगावर जाऊ नकोस, डब्यामागचं वाच

अगं, पिकअप दारात आल्यापासून तू टायर विचारलेस, विमा विचारलास, पासिंगचं विचारलंस. रेडिएटरमध्ये काय आहे, हे मात्र एकदाही नाही. म्हणून आज मीच विषय काढतेय. एप्रिल-मेमध्ये तू हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरला निघणार. साखरपा सोडून आंबा घाट लागला की भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये रखडत चढते. इंजिन जोरात फिरतं, रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही आणि डोक्यावर ऊन. त्या चढावर गाडीला तारतं ते कूलंट.

कुणीतरी तुला सांगेलच, ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतं? साधं पाणी ओता.’ ऐकू नकोस. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, पाणी असतं आणि धातूला गंजापासून वाचवणारी रसायनं असतात. ग्लायकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं असेल तर ते साधारण 107 अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरून ठेवलेल्या दाबाखाली 125 च्याही पुढे टिकतं. म्हणूनच झाकणाचं रबर चिरलं असेल तर झाकण लगेच बदल, आणि बदलताना त्यावरचा दाबाचा आकडा तोच घे. ‘जास्त घट्ट तेवढं चांगलं’ म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेटही ओतू नकोस. पाण्याशिवाय ग्लायकॉल उष्णता नीट वाहून नेत नाही.

आता निवडायचं कसं? दुकानात हिरवं, लाल, गुलाबी, निळं असे डबे मांडलेले असतात. रंग कंपनी आपल्या मनाने घालते, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. गाडीचं मॅन्युअल उघड, त्यात दिलेलं मानक डब्यामागे शोध. आपल्याकडे आयएस 5759 किंवा जेआयएस के 2234 असं लिहिलेलं सापडतं. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं, नव्या ऑरगॅनिक आम्लांचं पाच वर्षांपर्यंत चालतं. डब्यावर ‘रेडी टू यूज’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’, तेही बघ. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातलंस तर ते पातळ होऊन निकामी होईल.

आणि पिकअपचा उरलेला डबा ट्रॅक्टरमध्ये ओतायचा नाही हं. बऱ्याच ट्रॅक्टर-ट्रकांच्या इंजिनात वेट लायनर असतात, म्हणजे सिलिंडरच्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाबरोबर पिस्टन लायनरवर आदळतो, लायनर थरथरतो आणि त्याच्या अंगाशी बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात. ते फुटणं इतकं जोरात असतं की लोखंडाला खड्डे पडतात, पुढे आरपार भोक पडून कूलंट ऑइलमध्ये उतरतं. हे टाळायला हेवी ड्युटी कूलंटमध्ये नायट्राइट, मॉलिब्डेटसारखी खास रसायनं असतात. अशा इंजिनासाठी एएसटीएम डी 6210 लिहिलेलं शोध. पिकअपला मात्र तिच्या मॅन्युअलचंच.

पाण्याचंही तसंच. विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी नको. पाणी तापवायच्या कॉइलवर जसा पांढरा थर धरतो, तसाच इंजिनच्या आत धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. समुद्रकाठच्या विहिरीचं खारट पाणी तर अॅल्युमिनियम खातं. डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटरचा कॅन आणून ठेव.

तुझी गाडी जुनी घेतलेली आहे. आत काय भरलंय कुणास ठाऊक. त्यावर नवं ओतू नकोस, वेगवेगळ्या जातीची रसायनं एकत्र आली की गाळ धरू शकतो. सगळं काढून डीएम वॉटरने फ्लश करून घे. फ्लशनंतर ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, म्हणून भरून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण तपासायला सांग. एअर काढायला विसरू देऊ नकोस. मेकॅनिक म्हणाला, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरमच होणार नाही,’ तर सरळ नाही म्हण. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडच धावतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. काढलेलं कूलंट गटारात जाऊ देऊ नकोस. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटून मरतं. डबाही पोरांच्या हाती लागेल असा ठेवू नकोस.

मग रोजचं काम फक्त दोन मिनिटांचं. सकाळी गार इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, बघ. सारखी उतरत असेल तर नुसती भरत बसू नकोस, ते कुठे जातंय ते शोध. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, धुराला गोडसर वास आला किंवा इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट तपासून घे. बदललेली तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आत चिकटवून ठेव. ड्रायव्हर बदलला तरी हिशोब तुझ्याकडे राहील.

एवढं करूनही घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद कर, हीटर पूर्ण सोड, वेग कमी कर. लाल खुणेला पोचला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद कर. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. व्यापाऱ्याला फोन करून सांग, गाडी उशिरा येईल. एका दिवसाचा भाव हुकला तर पुढच्या खेपेला भरून काढशील, पण हेड वाकलं तर ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये आणि पेट्या घरात पडतील.