जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन गेलं

‘दोन इंजिनं आहेत, एक गेलं तर दुसरं आहेच की!’ मॉस्किटो उडवायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून हे मी ऐकलं आहे. डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हे दोन इंजिनांचं लढाऊ विमान २०२१ साली आलं तेव्हापासून मी त्याच्याच मागे आहे, आणि या भरवशापायी एक इंजिन धडधाकट असलेली कितीतरी विमानं समुद्रात गेलेली मी पाहिली आहेत.

परवाचंच घ्या. डंकर्कच्या किनाऱ्यावरून परत फिरताना माझ्या जोडीदाराच्या डाव्या रेडिएटरला विमानविरोधी तोफेचा तुकडा लागला. अशा वेळी इंजिन लगेच थांबत नाही. आधी शीतकाचं तापमान चढत जातं, मग ताकद तुटक-तुटक होते आणि शेवटी ते जाम होतं. म्हणजे हाताशी वेळ असतो. मी हेडफोनवर ‘डावा थ्रॉटल मागे घे’ म्हणेपर्यंत विमान डावीकडे झुकलं आणि त्याने घाईघाईत फेदरचं, म्हणजे पंखा थांबवण्याचं, बटण दाबलं, ते उजव्या इंजिनाचं. चांगल्या इंजिनाचा पंखा थांबला, आणि तापलेलंही पुढे फार टिकलं नाही.

याला नवशिकेपणा म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०१५मध्ये तैपेईत ट्रान्सएशियाचं एटीआर विमान उड्डाणानंतर लगेच नदीत कोसळलं, त्रेचाळीस माणसं गेली. उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला होता आणि वैमानिकाने बंद केलं डावं, चालू असलेलं इंजिन. पोटापाण्यासाठी उडणाऱ्यांचं जिथे असं होतं, तिथे आपण खुर्चीत बसून उडवणाऱ्यांनी तर हा सराव हाडीमाशी मुरवायला हवा.

इंजिन गेलं की पहिलं काम नाक सरळ ठेवणं. त्यासाठी तुमचा एक पाय आपसूक रडर दाबतो. दुसरा पाय नुसता टेकलेला असतो. जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन गेलं. एवढ्यावरही बटणाला हात लावायचा नाही. त्या बाजूचा थ्रॉटल हळूच मागे घ्या. विमानाच्या वागण्यात काही फरक पडला नाही, तर निदान बरोबर. नाक आणखी वळलं, तर तुम्ही चालू इंजिनाला हात घातला आहे. थ्रॉटल लगेच पुढे. आरपीएमच्या काट्यावर मात्र विसंबू नका. बंद इंजिनाचा पंखाही वाऱ्याने फिरत राहतो आणि काटा बराच वेळ सगळं ठीक असल्यासारखा दिसतो. खात्री झाली की मगच फेदर, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून पंखा थांबवणं. त्यानंतर इंधन बंद, पंखा थांबत आला की इग्निशन बंद. पंख चालू इंजिनाच्या बाजूला किंचित झुकलेला ठेवा, म्हणजे पायावरचा भार हलका होतो.

हे सगळं जमायचं तर दोन्ही थ्रॉटल वेगळे हवेत. पुष्कळ जण एकाच दांड्याला दोन्ही इंजिनं जोडून ठेवतात. साध्या उड्डाणात ते सोयीचं वाटतं, पण नेमकं गरजेच्या वेळी तपासायला हातात काही उरत नाही. दोन दांड्यांचा थ्रॉटल नसेल तर निदान जॉयस्टिकवरचा एखादा स्लायडर दुसऱ्या इंजिनाला द्या. आजच द्या.

मार बसलेला नसतानाही इंजिनं मारली जातात, ती क्रम चुकल्यामुळे. ताकद वाढवताना आधी आरपीएम म्हणजे फेऱ्या, मग बूस्ट म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब. कमी करताना आधी बूस्ट, मग आरपीएम. कमी फेऱ्यांवर जास्त बूस्ट देणं म्हणजे खंबाटकीच्या चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटणं. सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकतं. मॉस्किटोच्या मर्लिन २५ इंजिनाला ३००० फेऱ्या आणि अधिक १८ बूस्ट पाच मिनिटांपुरतंच आहे. सतत उडायचं तर २६५० आणि अधिक ७, तेही शीतक १०५ अंशांच्या आत ठेवून. शत्रू मागे लागला की घड्याळ कोण बघतं, हे मला कळतं. म्हणूनच मी नव्या मुलांना सांगतो, झटापट संपल्याक्षणी दुसरं काहीही करण्याआधी बूस्ट खाली आणा. रेडिएटरच्या झडपा जमिनीवर उघड्याच असू द्या. धावपट्टीशी रांगेत थांबून इंजिनं उकळवणारे कमी नाहीत.

सगळ्यात अवघड जागा उड्डाणाची. मॉस्किटोचे दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे धावतानाच नाक डावीकडे ओढतं. डावा थ्रॉटल थोडा आधी पुढे घेऊन ते सांभाळावं लागतं. चाकं जमिनीवरून सुटतात त्या वेगात आणि एका इंजिनावर सरळ राहता येतं त्या वेगात मोठी दरी आहे. त्या दरीत इंजिन गेलं, तर मन म्हणतं उरलेल्याला पूर्ण ताकद द्या. तीच ताकद विमान उलटं करते. चांगल्या इंजिनाचा थ्रॉटल मागे घ्यायचा, नाक खाली ठेवायचं आणि समोर जे शेत दिसेल त्यात उतरायचं. हे हाताला पटायला फार दिवस लागतात. म्हणून चाकं सुटल्याबरोबर वर खेचू नका. जमिनीलगत राहून वेग येऊ द्या.

परतताना इंग्लंडमधलं मॅन्स्टन गाठता आलं तर उत्तम. १९४४मध्ये तिथे घायाळ विमानांसाठीच प्रचंड रुंद धावपट्टी बांधली होती, आणि सिममध्येही ती आहे. एका इंजिनावर चाकं उतरायला जास्त वेळ लागतो, तेव्हा ती लवकर सोडा. फ्लॅप मात्र पूर्ण खाली तेव्हाच, जेव्हा धावपट्टी हातात आली अशी खात्री असेल. चाकं आणि फ्लॅप दोन्ही बाहेर असताना एका इंजिनावर पुन्हा वर चढता येत नाही. थोडं लांब पडलं तरी चालेल, उतरा.