कोठून आरंभ, कोठें शेवट?



परीक्षा संपल्यावर गुणपत्रक तयार करीत बसलेले शिक्षक तुम्हीं पाहिले असतीलच. ४० मुलांच्या तीन विषयांची बेरीज म्हणजे एकच कृति ४० वेळां करावयाची. पहिल्या दहावीस बेरजा नीट होतात. पुढें मन कंटाळतें व हात चुकतो. संगणकास कंटाळा ठाऊक नाहीं. असलीं कामें त्याजकडे सोंपविण्याची रीत आज आपण शिकूं. मात्र त्यास काय कळत नाहीं, हेंहि पाहूं.

१९७९ सालीं अमेरिकेंत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं 'व्हिसिकॅल्क' हें संगणकी कोष्टक प्रचारांत आणलें. आजचीं कोष्टकें त्याच वळणाचीं आहेत. त्यांतील उभ्या स्तंभांस ए, बी, सी अशीं रोमन अक्षरें व आडव्या ओळींस १, २, ३ असे आंकडे असतात. त्यामुळें प्रत्येक घरास 'बी२' असा पत्ता मिळतो. समजा, पहिल्या ओळींत मथळे आहेत, आणि ओळ २ पासून ४१ पर्यंत ४० मुलांचे गुण बी, सी व डी या स्तंभांत लिहिले आहेत. आतां ई२ या घरांत '=बी२+सी२+डी२' असें लिहावें. आरंभींच्या बरोबरीच्या चिन्हावरून संगणक जाणतो कीं, हा मजकूर नसून सूत्र आहे. हेंच सूत्र खालीं ओढीत नेलें म्हणजे ई३ मध्यें तें आपोआप '=बी३+सी३+डी३' असें होतें. एकदां लिहिलें, ४० वेळां घडलें!

प्रोग्राम लिहिणारे हेंच काम 'लूप' योजून करितात. त्याचा अर्थ आपल्या भाषेंत असा: "ओळ २ पासून ४१ पर्यंत एकेक ओळ घे, तिच्यांतील तीन गुण मिळीव, बेरीज लिही, पुढील ओळीकडे जा." लूपास तीन गोष्टी लागतात: आरंभ, प्रत्येक फेऱ्यांतील कृति, आणि शेवट. थांबण्याची अट कधींच पुरी होत नसेल, तर यंत्र फिरतच राहतें.

खरी सावधगिरी या शेवटाविषयींच हवी. पायथॉन भाषेंत 'रेंज(२, ४१)' असें लिहिल्यास गणना ४० वरच थांबते. ४१ वी ओळ हवी, तर ४२ लिहावें लागतें. तसेंच सरासरी काढतांना '=ॲव्हरेज(ई२:ई४०)' लिहिलें, तर शेवटच्या मुलाचे गुण सुटतात. दोन्ही वेळां यंत्र निमूटपणें उत्तर देतें, आणि तें खरेंच भासतें.

अशी चूक थोरांच्याहि हातून होते. २०१० सालीं कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनीं राष्ट्रांचें कर्ज व त्यांची आर्थिक वाढ यांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. सरकारी खर्चाच्या वादांत तो पुराव्यादाखल पुढें करण्यांत येऊं लागला. थॉमस हर्नडन हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील विद्यार्थी अभ्यासासाठीं तींच गणितें पुन्हां करूं लागला. पण उत्तरें जुळेनात. मूळ कोष्टक मिळवून पाहतां दिसलें कीं, सरासरीचें सूत्र ओळ ३० पासून ४९ पर्यंत जावयाचें तें ४४ वरच थांबलें होतें! ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पांच देश गळले होते. २०१३ सालीं हें उघड झालें. निबंधावर इतरहि आक्षेप होते, व या एका चुकीनें पडलेला फरक लहान होता. तथापि ती चूक लेखकांनीं मान्य केली.

म्हणून सूत्र लिहिल्यावर पहिली व शेवटची ओळ स्वतः हातानें पडताळून पहा. '=काउंट(ई२:ई४१)' या सूत्रानें संख्या मोजा; ४० आली नाहीं, तर कोणी तरी सुटलें आहे असें समजा. पालकांनींहि घरखर्चाचें कोष्टक एकदां मुलांकडून करवून घ्यावें, व शेवटची बेरीज वहीवर ताडून पहावी. यंत्र सांगितलेलें सारें करितें. सांगावयाचें राहिलें तें मात्र आपल्याच पदरीं येतें.