नव्या रिमचं बिल

सेकंडहँड मोटरसायकल बघायला गेल्यावर मालक स्वतःहून म्हणतो, "दादा, गाडी एकदा डिव्हायडरला लागलीये, लपवत नाही. पण सगळं काम मी स्वतः केलंय, ही घ्या बिलं." हे ऐकलं की घेणाऱ्याच्या मनातला निम्मा संशय तिथेच गळून पडतो. फसवणाऱ्यापासून सावध कसं राहायचं हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. पण माणूस खरं बोलतोय आणि आपल्या गाडीच्या आत काय झालंय हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही, अशा वेळी काय करायचं हे कुणी सांगत नाही. माझ्या वाट्याला असाच प्रामाणिक विक्रेता आला होता, आणि धोका त्या प्रामाणिकपणामुळे जराही कमी झाला नव्हता.

मी वाईत राहतो. नोकरी शिरवळच्या एका कारखान्यात, शिफ्टची. पहाटे आणि रात्री एसटीचा भरवसा नाही, म्हणून २०२२ मध्ये १५० सीसीची, २०१९ मॉडेलची गाडी पुण्यातून घेतली. विकणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, हाताने काम करायची मनापासून आवड असलेला. डिव्हायडरला लागलेली ती गाडी त्याने स्वतः का दुरुस्त केली, याचं कारण सरळ होतं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुतेक जण एकाच वर्षाचा घेतात आणि पुढे भरत नाहीत. त्यामुळे "इन्शुरन्स चालू आहे" हे वाक्य खरं असतं, आणि तरीही अपघाताचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो. विद्यार्थ्याच्या खिशातून जेवढं निघतं तेवढंच काम होतं.

त्याने बिलं दाखवली. बहुतेक नाना पेठेतली. हेडलाइट, पुढचं मडगार्ड, दोन इंडिकेटर, हँडल, ऑइल सील आणि पुढचं नवं अलॉय रिम. सगळा माल अस्सल कंपनीचा. गाडी चकचकीत दिसत होती, इंजिनचा आवाज स्वच्छ होता, किंमत बाजारभावापेक्षा कमी होती.

गाडी घेतली आणि कामावर न्यायला लागलो. सुरूर फाट्यापर्यंत काही जाणवायचं नाही. जाणवायचं ते खंबाटकी घाटात. पुण्याच्या दिशेने बोगदा ओलांडला की उतारावर ते एस आकाराचं वळण येतं, अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेलं. तिथे गाडी डावीकडे सहज झुकायची, उजवीकडे मात्र ढकलून न्यावी लागायची आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरकत राहायची. मागे ट्रक लागलेला असताना हे सरकणं जिवावर बेतू शकतं. उतारावर ब्रेक धरला की पुढचं शॉकअप अर्धवट बसून तिथेच अडकायचं, मग एकदम सुटायचं. नवं घातलेलं ऑइल सील पुन्हा गळायला लागलं. टायर बदलून, हवा कमीजास्त करून, कोनसेट आवळून पाहिला. फरक पडला नाही.

साताऱ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी हातात पाना घेतलाच नाही. दहा पावलं मागे जाऊन, उकिडवं बसून मागून पुढे बघितलं आणि म्हणाले, "सर, ही सरळ चालत न्हाई. मागचं चाक एकीकडं, पुढचं एकीकडं." मग पुढचं चाक काढलं, फोर्कचे दोन्ही पाईप बाहेर घेतले आणि टेबलाच्या जाड काचेवर एकेक करून लोळवले. एक पाईप सरळ गडगडत गेला. दुसरा प्रत्येक फेऱ्याला थोडा उचलला जायचा आणि काचेशी त्याच्या पोटाखाली उजेडाची फट उघडझाप करायची. "ह्यो प्रेसवर सरळ केल्याला हाय." जिथे पाईप खालच्या टीमध्ये धरला जातो, त्याच्या लगेच खाली क्रोमवर केसासारख्या आडव्या रेघा होत्या. तिथूनच सील कापलं जात होतं.

त्यांनी टाकी उतरवली तेव्हा खरी गोष्ट समोर आली. हँडल ज्या नळीत फिरतं, त्या चेसिसच्या नेकला खालून जो पाईप जोडलेला असतो, त्यावर रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. वेल्डिंगच्या कडेने एक काळपट रेघ गेली होती. चिंधीवर पेट्रोल घेऊन पुसली, पण ती गेली नाही. तो तडा होता.

मी विद्यार्थ्याला फोन केला, फोटो पाठवले. तो हादरला. पाईप सरळ करून घेतल्याचं त्याने लगेच मान्य केलं. ते दडवण्यासारखं आहे असंच त्याला कधी वाटलं नव्हतं. आणि टाकी त्याने कधी उतरवलीच नव्हती, कारण टाकीला साधा ओरखडाही नव्हता.

त्यानंतर मी ती बिलं पुन्हा काढून वाचली. कोणते सुटे भाग नवे बसले हे बिलात असतंच. पण अपघाताचा मार कुठपर्यंत पोचला होता, हेही त्यातच लिहिलेलं असतं. अलॉय रिम बदलावं लागलं याचा अर्थ फटका चाकाला समोरून बसला आणि चाकाने तो पूर्ण पचवला नाही. चाकातून तो ॲक्सलमध्ये गेला, तिथून फोर्कच्या पाईपमध्ये, मग टीमध्ये आणि तिथून नेकमध्ये. दुसरी वाटच नसते. म्हणजे नव्या रिमचं बिल असेल तर पाईपचंही बिल असायला हवं, निदान टी आणि नेक तपासल्याचा कुणाचा तरी शब्द हवा. तो नसेल, तर मार मधे कुठे जिरला हा प्रश्न उरतो. फक्त एका बाजूचा इंडिकेटर, आरसा, लिव्हरचं टोक, फूटरेस्ट आणि सायलेन्सर बदललेला असेल, तर गाडी बहुधा घसरून आडवी पडलेली असते. ते नुकसान पुष्कळदा वरवरचं असतं आणि अशी गाडी घ्यायला हरकत नाही. समोरून धडकलेल्या गाडीची गोष्ट निराळी. विक्रेत्याला "पडली होती का?" असं विचारू नका. "कशावर आदळली, की नुसती घसरली?" असं विचारा.

फोर्कचा पाईप सरळ करून देणारे लोक प्रत्येक शहरात आहेत, आणि नव्या पाईपच्या मानाने ते फार स्वस्तात पडतं. डोळ्यांना पाईप सरळ दिसतोही. पण तार एकदा वाकवून सरळ केली तरी पुढच्या वेळी ती त्याच जागी वाकते, तसंच पोलादी नळीचं होतं. वरचा क्रोमचा थर कडक आणि ठिसूळ असतो, तो आधी फुटतो. फटीत गंज शिरतो. यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट सूचना असते की वाकलेला पाईप सरळ करू नये, त्याने तो धोकादायकरीत्या कमजोर होऊ शकतो. बाक किती चालतो याची मर्यादाही अनेक मॅन्युअलमध्ये ०.२ मिलिमीटर एवढीच दिलेली असते. हे डोळ्यांनी मोजता येत नाही. तापवून, ठोकून गोल केलेल्या अलॉय रिमबद्दल माझं मत याहून कडक आहे: ते घेऊच नये. अलॉयची ताकद कारखान्यात केलेल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, आणि गॅसच्या ज्योतीने ती त्या जागी निघून जाते. रिमच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. ठोकल्याच्या खुणा आणि रंगाचा जाड थर हाताला लागतो.

गाडी पाहायला दिवसाउजेडी जा, आणि ती धुतलेली नसेल तर उत्तम. नेक बघायची एक सोपी वाट आहे. नाव ट्रान्स्फर करताना चेसिस नंबरचा पेन्सिल-प्रिंट घ्यावा लागतो, आणि पुष्कळ मोटरसायकलींवर तो नंबर नेकवरच ठोकलेला असतो. म्हणून पहिल्याच भेटीत "प्रिंट घेऊन बघतो" म्हणा. टॉर्च लावून तिथे वाकून बघण्याला मग कुणी हरकत घेत नाही. नंबरभोवतीचा रंग बाकी चेसिससारखाच आहे का? वेल्डिंगची शिवण दोन्ही बाजूंना सारखी आहे का? कारखान्यातली शिवण एकसारखी असते, हाताने केलेली उंचसखल असते किंवा ग्राइंडर मारून सपाट केलेली असते. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्हीकडे ते जिथे अडतं ते छोटे स्टॉपर दबलेले किंवा तुटलेले असतील, तर हँडल कधीतरी फार जोराने फिरलेलं आहे. पुढचा टायर आणि इंजिन यांच्यातलं अंतर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहा. ते कमी असेल तर फोर्क किंवा नेक मागे गेलाय. इंजिनच्या कव्हरवर एम-सीलचा लेप दिसला, तर तिथे खाली चीर आहे असंच धरा.

सुतळीची परीक्षा जुनी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. गाडी सरळ उभी करायची, मागच्या टायरच्या दोन्ही अंगांना टेकवून सुतळी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्यायची. पुढचा टायर अरुंद असला तर दोन्ही बाजूंना फट राहील. ती फट दोन्हीकडे सारखी हवी. आधी चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत हे बघा, नाहीतर निष्कर्ष चुकतो.

चालवून बघताना गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. साठच्या वेगाने जाता येईल असा मोकळा रस्ता हवा. आपल्याकडे पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे डावीकडून चालणारी चांगली गाडीही जराशी डावीकडे ओढते. म्हणून रहदारी नसेल तेव्हा रस्त्याचा मधला सपाट भाग बघून पकड सैल करा, हात मात्र सोडू नका. डावं आणि उजवं वळण सारख्याच सहजतेने घेतलं जातंय का, हे बघा. पुढचा ब्रेक दाबल्यावर शॉकअप सलग बसून सलग वर येतं का, तेही. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस असतं. चावी फिरवल्यावर त्याचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर बिघाड दिसू नये म्हणून कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो.

अपघाताच्या बाबतीत कागदांवर मात्र फार विसंबू नका. विम्याच्या कागदावरचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असला, तर पाच वर्षांत क्लेम झाला नाही एवढंच सिद्ध होतं. घरी दुरुस्त झालेली गाडी क्लेमपर्यंत पोचतच नाही. वाहन पोर्टलवर कर्ज, चलन, विम्याची मुदत हे सगळं कळतं. नेकला तडा आहे की नाही हे कळत नाही. फॉर्म २९, ३० आणि कर्ज असेल तर ३५ यांची पूर्तता वेळेत करा, आणि हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू असेल तर पॉलिसी आपल्या नावावर झाल्याशिवाय तो आपला समजू नये.

सौदा पक्का करण्याआधी एक अट घाला: ओळखीच्या मिस्त्रीसमोर टाकी उतरवायची आणि पुढचं चाक काढायचं, मजुरी माझी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ज्याने मनापासून दुरुस्ती केली आहे तो तयार होतो. तो विद्यार्थीही झाला असता, याची मला खात्री आहे. कुणी नकार दिला तर वाद घालत बसू नका, दुसरी गाडी बघा.

माझ्या गाडीचा दुरुस्तीचा अंदाज तिच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला, आणि त्यात नवं चेसिस आणि आरटीओची परवानगी आली. "वेल्डिंग मारून, रंग देऊन विकून टाका" असं सांगणारे भेटले. खंबाटकीच्या उतारावर कुणाच्या तरी मागे बायको-मुलं बसलेली असतील, एवढं एक डोळ्यांसमोर आणलं आणि मी ते केलं नाही. इंजिन आणि चांगले भाग वेगळे विकले, चेसिस भंगारात कापून टाकलं आणि आरटीओत कळवून नोंदणी रद्द करून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, कायमची निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने चौदा दिवसांत द्यायची असते.

आणि ज्यांनी आपली गाडी स्वतः दुरुस्त केली आहे आणि आता विकायची आहे, त्यांनी एक कागद करावा. गाडी कशावर आदळली, काय बदललं, काय सरळ केलं, काय उघडून पाहिलंच नाही, हे चार ओळींत लिहावं, खाली विकणारा आणि घेणारा दोघांनी सह्या कराव्यात. जुना पाईप, जुनं रिम टाकून दिलं नसेल तर तेही दाखवावं. नाव ट्रान्स्फर झाल्याशिवाय गाडी नजरेआड करू नये: २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक तोच.