रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात नैराश्य आणि चिंताविकार हे आजार मनाचे नाव घेऊन दवाखान्यात क्वचितच येतात. छातीतली धडधड, डोक्याचा जडपणा, पोटातली जळजळ, उडालेली झोप, अंगात त्राण नसणे अशा शारीरिक तक्रारींच्या रूपाने ते येतात, आणि म्हणून रुग्णाची वाट मानसोपचारतज्ज्ञाऐवजी आधी हृदयाच्या, मग पोटाच्या डॉक्टरांकडे आणि अखेरीस सलाईन व ताकदीच्या इंजेक्शनकडे वळते. या तक्रारी खोट्या नसतात. चिंतेच्या अवस्थेत अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक हृदयाची गती खरोखरच वाढवते, श्वास उथळ व जलद होतो आणि त्यामुळे हातापायांना मुंग्या येऊन भोवळ आल्यासारखे वाटते. ही अवस्था एकाएकी येऊन काही मिनिटांत टोकाला जाते आणि ‘आता आपले काही खरे नाही’ अशी खात्री पटवते, तेव्हा तिला पॅनिक अटॅक म्हणतात. नैराश्याची घडण वेगळी असते: उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी निदान एक लक्षण, सोबत झोप, भूक, एकाग्रता, शक्ती व आत्मविश्वास यांतील बिघाड, आणि हे सारे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ दररोज टिकून राहणे, असा त्याचा वैद्यकीय निकष आहे. दोन्ही आजार एकाच माणसात एकत्र आढळणे हे अपवादात्मक नाही.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत आजाराची पहिली खूण दुःख ही नव्हती. साधा निर्णय घेता न येणे ही होती. या भागात भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केली जाणारी पेरणी, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास उरकतात. त्या वर्षी बियाणे घरात येऊन पडले होते, माणसे सांगून ठेवलेली होती, तरी कोणत्या वावरापासून सुरुवात करावी एवढे ठरवण्यात सकाळ निघून जाई, आणि अखेर धाकट्या भावाने पेरणी उरकली. पहाटे फार लवकर जाग येई आणि उजाडेपर्यंत पिकाचा, कर्जाचा, मुलांच्या शिक्षणाचा तोच तो हिशेब डोक्यात फिरत राही. नागपंचमीला मुंबईहून पाहुणे आले, गाव माणसांनी फुलून गेले, तेव्हा गर्दीत जीव गुदमरेल या धास्तीने लेखक माडीवरून खाली उतरला नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘माणूसघाणा झाला’ असा लावला आणि शेजारच्या म्हाताऱ्यांनी ‘हाय खाल्लीय पोरानं’ असे म्हटले. निदानाच्या दृष्टीने म्हाताऱ्यांचे म्हणणे अधिक जवळचे होते.

हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, सर्व काही ठीक निघाले, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ या वाक्यावर प्रकरण मिटले. खरा धोका याच वाक्यात आहे. तपासण्या अनावश्यक होत्या असे नव्हे. छातीत दुखत असेल तर प्रथम हृदयाचीच तपासणी झाली पाहिजे, आणि थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांची लक्षणे नैराश्याशी इतकी मिळतीजुळती असतात की त्यांची शहानिशा आवश्यकच ठरते. परंतु अहवाल निर्दोष आल्यावर शोध संपत नाही, तो मनाकडे वळायला हवा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) सर्वसामान्य मनोविकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळालेले नसल्याचे आढळले; हे सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तथापि शिराळ्याचे चित्र फार निराळे निघेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

औषधांविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आजार उलटण्याचे एक मोठे कारण तेथे दडलेले असते. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो, तर मळमळ, अस्वस्थता हे त्रास पहिल्याच आठवड्यात जाणवतात. म्हणजे रुग्णाला तोटा आधी दिसतो आणि लाभ मागाहून. पुढे औषध सुरू झाल्यावर लेखकाने ही पायरी पार केली, झोप परतली, आणि मग ‘बरा झालास, आता कशाला गोळ्या, सवय लागेल’ या आप्तांच्या सल्ल्यावरून औषध एका दिवसात बंद झाले. प्रथम चक्कर आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आले, आणि पुढे सुगीच्या दिवसांत मूळ आजार पूर्वीपेक्षा जोमाने उलटला. पहिल्या आजारातून पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे, असा मानसोपचाराचा संकेत आहे. सवय लागण्याची भीती या गोळ्यांना लागू पडत नाही. ती लागू पडते अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या व शांत करणाऱ्या गोळ्यांना, ज्या मात्र जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे बिनबोभाट घेतल्या जातात. दारूचेही तेच: ती रात्रीपुरती झोप आणते आणि पहाटेची चिंता वाढवते. पूर्वी कधी अकारण अतिउत्साहाचा, उधळपट्टीचा व झोपेविना चालणाऱ्या दिवसांचा काळ येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण तसा काळ येऊन गेलेल्या नैराश्याचे औषधोपचार वेगळे असतात.

देवरुष्याकडे जाण्याचा टप्पा बहुतेक कुटुंबांत येतोच. शिराळ्यातील समर्थस्थापित मारुतीला शनिवारी नारळ फोडल्याने कोणाचे नुकसान झालेले नाही. नुकसान होते ते ‘बाहेरचे आहे’ म्हणून उपचार थांबवल्याने. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

उपचार म्हणजे केवळ गोळ्या नव्हेत. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी सहा ते आठ भेटींत समुपदेशन केले, तेव्हा तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या मर्यादेबाहेर आले. केवळ नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. त्या पद्धतीचा गाभा असा, की मन लागेल तेव्हा काम करू अशी वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेले छोटे काम करावे, कारण गोडी बहुधा कृतीच्या मागून येते. लेखकाला सकाळी गोठा झाडणे आणि बांधापर्यंत चालत जाऊन येणे एवढेच नेमून दिले होते, आणि सुरुवातीला तेवढेही डोंगराएवढे वाटे.

घरच्यांनी ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करण्यापेक्षा डॉक्टरांच्या तारखेला सोबत जावे, गोळ्यांवर लक्ष ठेवावे आणि शेतीची कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. जीव नकोसा झाला आहे का, हे थेट विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो, त्यामुळे पोलिसांच्या धास्तीने दवाखाना टाळण्याचे कारण नाही. मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे, आणि एवढ्या लांब जाणे लगेच जमत नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनाशुल्क आणि मराठीत बोलता येते. जगण्याविषयी विचार वाकडे धावू लागले असतील, तर सकाळ होण्याची वाट न पाहता हा क्रमांक लावावा.