बॅटरी भरण्याची योग्य रीत

पाठीवरील फवारणी पंपास बॅटरी आल्यापासून हाताने दांडा मारण्याचे श्रम वाचले. परंतु ऐन फवारणीच्या दिवशी पंप मध्येच थांबला, तर डाळिंबावरील तेल्या शेतकऱ्यासाठी थांबत नाही. बॅटरी अकाली निकामी होण्याचे कारण पुष्कळदा तिच्या घडणीत नसून ती भरण्याच्या रीतीत असते. म्हणून त्या रीतीचा विचार आम्ही येथे करीत आहो.

शिशाच्या बॅटरीतून वीज खर्च होते तेव्हा आतील पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते, व भरताना ते नाहीसे होते. बॅटरी रिकामी ठेवून दिल्यास त्याचे कठीण स्फटिक बनतात, व मग ते सहसा जात नाहीत. उलटपक्षी, भरल्यावरही जोराने वीज देत राहिल्यास पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो. सबब बॅटरी मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर भरावी.

भरण्याचे टप्पे तीन. 12 व्होल्टच्या बॅटरीस प्रथम तिच्या क्षमतेच्या दशांश प्रवाह द्यावा. 8 अँपिअर-तासाची असल्यास 0.8 अँपिअर. दाब सुमारे 14.4 व्होल्टवर पोहोचला म्हणजे तो तेथेच स्थिर ठेवून प्रवाह उतरू द्यावा. शेवटी दाब 13.6 व्होल्टच्या आसपास आणावा. चांगला चार्जर हे सर्व आपोआप करितो. साध्या चार्जरवर मात्र नजर ठेवून तो वेळीच बंद करावा लागतो.

हे आकडे 25 अंश उष्णमानाचे होत. त्यापुढे दर अंशास दाब सुमारे 0.02 व्होल्ट कमी हवा. सोलापुरी उन्हाळ्यात, 40 अंशांवर, हा फरक 0.3 व्होल्ट होतो. तेव्हा पत्र्याखाली दुपारी न भरता रात्रीच्या गारव्यात भरणे हितावह.

लिथियम बॅटरीची गोष्ट निराळी. तिच्या द्रावणात लागणारे डायमिथिल कार्बोनेट आपल्याच जिल्ह्यात, चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील बालाजी अमाइन्सच्या कारखान्यात तयार होते. हा द्राव ज्वालाग्राही असल्यामुळे फुगलेली बॅटरी कदापि भरू नये, व शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावू नये. दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास ती निम्मी भरलेली ठेवावी.

शिशाची बॅटरी मात्र नेहमी पूर्ण भरूनच ठेवावी. काही तास स्वस्थ ठेविल्यावर मापक 12.7 व्होल्ट दाखवील तर ती भरलेली, 12.2 दाखवील तर निम्मी समजावी. फवारणी आटोपताच त्याच दिवशी ती भरावी व हंगाम नसताना महिन्यातून एकदा तपासावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.