चीक टाकूं नये

गाय व्याली म्हणजे वासरास चीक मिळालाच पाहिजे, हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु घरीं मूल जन्मलें असतां आईचा पिवळा, घट्ट चीक बाळास बाधेल असें म्हणून तो पिळून टाकावयाचा, आणि बाळास मध किंवा गुळाचें पाणी चाटवावयाचें, ही चाल कित्येक घरांत अजून आहे. असा मध चाटवितांना पाहूनही आम्ही पूर्वीं कांहीं न बोलतां परत आलों आहों. ती आमची चूक होती.

पहिली गोष्ट ही कीं, चिकांत रोगांपासून बाळाचें रक्षण करणारीं द्रव्यें असतात. तो थोडा असतो, पण पहिल्या दिवशीं बाळाचें पोटही इवलेंसें असतें. एका वेळीं लहान चमचाभर पुरतो. म्हणून जन्मानंतर १ तासाच्या आंत बाळास अंगावर घ्यावें. मधानें तान्ह्या बाळास विषबाधा होऊं शकते. तो वर्षाच्या आंत देऊं नये.

दुसरी गोष्ट. दूध बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं भरून येतें, आणि बाळ जितकें ओढील तितकें वाढतें. याच दिवसांत कोणी म्हणतें, "हिला दूध नाहीं," आणि वरचें दूध सुरू होतें. मग बाळ ओढीनासें होतें व आईचें दूध खरोखरच आटतें. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळां पाजावें. केवळ बोंड नव्हे, तर भोंवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडांत जावा. नाहीं तर चिरा पडतात. पांचव्या दिवसानंतर बाळ दिवसांत ६ वेळां तरी लघवी करीत असेल व त्याचें वजन वाढत असेल, तर दूध पुरतें असें समजावें. पहिले ६ महिने, उन्हाळ्यांतही, पाणी लागत नाहीं. पुढें मऊ अन्नाबरोबर २ वर्षें व अधिकही पाजावें.

तिसरी गोष्ट. हें एकट्या बाळंतिणीचें काम नव्हे. पतीनें पाणी भरावें. सासूबाईंनीं तीस पोटभर जेवूं घालावें व धीर द्यावा. आशाताई घरीं येतात, त्यांस मोकळेपणीं विचारावें. स्तन लाल व कठीण होऊन ताप आला, किंवा बाळ ओढीत नसलें, तर विलंब न लावितां दवाखान्यांत जावें. इतकें करूनही दूध कमी पडल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा. आईस दोष देऊं नये.

हा धडा वाचून दाखवितांना सासवांस पुढें बसवावें, आणि मग विचारावें:

१. आपल्या घरीं बाळाच्या तोंडीं पहिल्यानें काय घातलें जातें?

२. "दूध नाहीं" असें बोलण्यापूर्वीं आपण त्या बाळंतिणीस काय साहाय्य केलें?